आडवी लावलेली गाडी

गाडी हलेना. मीरानने दोन्ही हात डिकीवर टेकले, बूट जमिनीत रोवले आणि पुन्हा जोर लावला. पांढरी जुनी गाडी ढिम्म.

"आजही ब्रेक ओढूनच ठेवलाय मेल्याने!"

सहा चाळीस झाले होते. सात वीसला शाळेच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुवायला घ्यायचे होते. आठशे पोरांचं जेवण! आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बस, असं मुख्य स्वयंपाकिणीने बजावलं होतं.

कोरियातल्या बुछन शहराच्या त्या वसाहतीत गाड्या उदंड आणि जागा मोजक्या. ज्याला जागा मिळत नाही तो रांगेपुढे गाडी आडवी लावतो, पण न्यूट्रलला सोडतो आणि ब्रेक ओढत नाही. सकाळी ज्याला निघायचं असेल तो तिला ढकलतो आणि आपली गाडी काढतो. शेंबडं पोरही जाणतं हे. फक्त सहाशेतीनमधले नामगुंग आजोबा तेवढे जाणत नव्हते.

मीरानने काचेमागच्या चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"आलोच. दोन मिनिटं."

आणि खरंच दोन मिनिटांत आजोबा खाली. केस विंचरलेले, कोटाला इस्त्री. जणू दारामागेच उभे होते! कमरेत वाकून, तिच्या थोरल्याच्या नावाने हाक मारत म्हणाले, "माफ करा हं, हाजूनची आई." गाडी बाजूला घेतली. वर हसले! त्या हसण्याने मीरानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिनाभर हेच. ती संध्याकाळी गाडी कुठेही लावो, सकाळी त्यांची गाडी तिच्याच गाडीपुढे. शेजारच्या रांगेत जागा रिकामी असली तरी! म्हणजे म्हातारा तिची गाडी शोधत फिरतो, हे उघड होतं. का, तेही तिला कळून चुकलं होतं. ती सातशेतीनमध्ये, त्यांच्या बरोबर डोक्यावर. पोरं धावतात म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी एकदा तक्रार केली होती. त्याचाच सूड हा, दुसरं काय?

तिने पहारेकरी प्योकाकांना गाठलं. काका गाडी कशी लावली यावरून माणूस ओळखायचे.

"हे बघा, तोंड घालून शिरतो तो घाईचा. लावताना सोपं, पण सकाळी मागे घेताना घाम फुटतो. मागे घेत घेत लावतो तो धोरणी, सकाळी सरळ निघून जातो. कडेला भिंतीलगत लावणारा हिंमतवाला, आरसा गेला तर गेला. आडवी लावून न्यूट्रलला सोडतो, तो चार माणसांत राहिलेला."

"आणि आडवी लावून ब्रेक ओढतो तो?"

काकांनी चहाच्या पेल्यात डोळे घातले. "त्याचं त्याला ठाऊक."

काकाही सामील आहेत तर! मीरानने त्याच दिवशी समितीकडे लेखी तक्रार दिली. समितीने आजोबांच्या दारावर नोटीस चिकटवली. पुन्हा ब्रेक ओढलेला दिसला तर पार्किंगचा स्टिकर रद्द.

दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच, पण न्यूट्रलला. काचेमागे नवी चिठ्ठी होती, "खुशाल ढकला." एका हाताने ढकलली तरी गाडी लोण्यासारखी सरकली. फोन नाही, वाकणं नाही, हसणं नाही. आठवडाभर मीरान वेळेवर पोचली. तरी मनातली पाल चुकचुकायची थांबेना. इतक्या सहज हा म्हातारा नमला कसा?

बुधवारी सकाळी तिच्या गाडीपुढे काहीच नव्हतं.

तिने चारी बाजूंना नजर टाकली. पांढरी गाडी दिव्याच्या खांबाशी उभी होती. मंगळवारी तिनेच ढकलत तिथवर नेली होती. आता हे कसलं नवीन नाटक? वेळ होता म्हणून ती मुद्दाम चौकीशी थांबली.

"काका, तुमच्या मित्राने नाद सोडला वाटतं! गाडी काल मी ढकलून ठेवली तिथेच आहे."

काकांच्या हातातला पेला खाली आला. "कालपासून हलली नाही?"

"नाही. का?"

"काल माझी सुट्टी होती, नाहीतर माझ्या लक्षात आलं असतं," काका म्हणाले आणि लिफ्टकडे धावत सुटले. मीरान मागोमाग. "काय झालं? सांगाल की नाही?"

"समोरच्या इमारतीतला सोक आठवतो? दोन महिन्यांपूर्वी घरात एकटाच वारला. अकरा दिवस कुणाला पत्ता नाही. दार मी फोडलं, आजोबा माझ्याबरोबर होते." काका सहाचं बटण दाबतच राहिले. "तेव्हापासून ब्रेक ओढायला लागले. म्हणाले, वरच्या बाई रोज सहा चाळीसला निघतात, एक दिवस चुकत नाहीत. मी खाली आलो नाही तर त्या गप्प बसायच्या नाहीत."

"मग मला सांगायचं नाही का? मी रोज फोन केला असता!"

"मला शपथ घातली होती. म्हणाले, कीव करून केलेला फोन चार दिवस येतो. रागाचा फोन चुकत नाही."

मीरानला रडू फुटलं. आपणच तो फोन बंद केला, लेखी अर्ज देऊन.

काकांनी सहाशेतीनचं दार बडवलं. आत हालचाल नाही. तिने नंबर लावला. दारापलीकडे लांब कुठेतरी फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद पडला.

मग तिने दारावर दोन्ही मुठी हाणल्या आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजोबा! गाडी काढा! मला उशीर होतोय!"

आत काहीतरी जमिनीवर घासलं. मग खालून, उंबऱ्याच्या पातळीवरून, अगदी बारीक आवाज आला.

"आलोच, हाजूनची आई... दोन मिनिटं."