तांब्याची पट्टी

तारे पुन्हा ओघळले होते. दोन मिनिटांच्या फोटोत एकेक तारा शेवईसारखा लांबलेला पाहून श्यामसुंदर वैतागले. जुन्या प्रिंटरची मोटर, दाराची बिजागरी आणि प्लायवूडचे दोन तुकडे जोडून त्यांनी वर्षभर खपून हा जुगाड उभा केला होता. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवायचा, एवढंच त्याचं काम. तेवढंही त्याला जमेना.

"मोटरच भिकार आहे," ते म्हणाले.

त्यांची मुलगी जाई पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. तिने घड्याळ लावून मोटर तपासली. "मोटर ठणठणीत आहे, बाबा. तुमची उत्तर दिशा चुकतेय. ध्रुवतारा बघून लावलात ना?"

ध्रुवतारा त्यांनी बघितलाच नव्हता. कामोठ्यातल्या त्यांच्या गॅलरीसमोर नवा टॉवर उभा राहिला होता, त्यामागे निम्मं आकाश गडप. आणि तारा शोधायची गरजच काय? घरात उत्तरेच्या भिंतीवर वास्तुतज्ज्ञाने ठोकलेली तांब्याची पट्टी होती. साहेबांनी जुगाड खुशाल तिच्याच रोखाने लावला होता.

त्याच पट्टीने त्यांच्या आईला घराबाहेर काढलं होतं. आई अर्धांगाने दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं त्यांची बायको अरुणा करायची. मग अरुणाच्या ओळखीतला वास्तुवाला आला. त्याने होकायंत्र फिरवलं आणि सांगितलं, आजींची खोली ईशान्येला पडते. ती देवाची जागा, तिथे आजारी माणूस नको, घर बसेल. हॉलमध्ये खाट मावेना. चार महिन्यांपूर्वी आईला पनवेलच्या एका सेवाश्रमात ठेवलं. दर रविवारी ती एकच विचारायची, "श्याम, घरी कधी नेतोस रे?" आणि श्यामसुंदर खिडकीबाहेर बघत राहायचे.

जाई त्यांना गच्चीवर घेऊन गेली. तिने बोट दाखवलं. ध्रुव पट्टीच्या भिंतीकडे नव्हताच. तो पार बाजूच्या कोपऱ्याकडे, खाली जिथे आईची खोली होती त्या दिशेला, मंदसा दिसत होता.

"बाबा, चाळीसेक अंशांचा घोळ!" जाई खो खो हसली.

श्यामसुंदरांना हसू येईना. ती खोली सरळ उत्तरेला होती. ईशान्येला नव्हती, कधीच नव्हती.

लिफ्टची वाट न बघता ते जिने उतरले. अरुणा स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती.

"अगं, त्या मूर्खाने दिशा चुकवली! आईची खोली ईशान्येला नाहीच. उगाच हाकलली गं आपण तिला. उद्याच घरी आणू." बोलताना त्यांना रडू फुटलं.

अरुणाने तव्यावरची भाकरी उतरवली. गॅस बंद केला. मग पदराला हात पुसत ती त्यांच्याकडे वळली.

"तो चुकला नव्हता," ती म्हणाली. "मीच त्याला सांगितलं होतं, ईशान्य त्या खोलीत दाखवा म्हणून. आईंना दीड वर्ष मी एकटी उचलत होते. कंबर गेली, आता होत नाही, हे तुम्हाला दहा वेळा सांगितलं. तुम्ही ऐकलंत ते त्याचंच."