चार वाजेपर्यंत

"रिपोर्ट चारला. त्याआधी येऊन विचारू नका," तपासणी केंद्राच्या खिडकीतली बाई म्हणाली, तेव्हा जेमतेम एक वाजला होता.

शिंपी तिथल्याच बाकावर बसायला निघाला. बायकोने त्याची बाही ओढली.

"तीन तास त्या भिंतीकडे बघत बसले, तर रिपोर्टाआधीच मला काहीतरी होईल. येताना प्राणिसंग्रहालयाची पाटी दिसली होती. चला."

शहर परकं होतं. औषधाच्या दुकानापाशी उजवीकडे, पेट्रोल पंपापाशी डावीकडे, मग पुलाखालून सरळ, असं पुटपुटत तो चालला होता. मध्ये दोघांना रस्ता विचारला, तर दोघांनी दोन दिशांना हात केले. पोचायला पावणेदोन झाले.

आत गेल्यावरही त्याचा पाय ठरेना. सिंह झोपला होता. "बघितला ना? चला." माकडं आली. "झालं? चला." झेब्र्यापाशी मात्र ती अडून बसली.

"बघा तरी. खांद्यावर पट्ट्याला पट्टा कसा जुळलाय. चाळीस वर्षांत तुम्हाला असा जोड जमला नाही."

एरवी या बोलण्यावर त्याने संध्याकाळपर्यंत वाद घातला असता. आज नुसतं "हं" म्हणाला आणि पहारेकऱ्याकडे गेला.

"दादा, बाहेर पडायचं ते समोरच्याच गेटातून ना?"

"काका, तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही. हेच गेट. कुठे पळून नाही जात ते."

तो मागे वळला. बायको नव्हती.

झेब्र्यापाशी नव्हती, नळापाशी नव्हती. गेला महिनाभर तिला जिना चढवत नव्हता, ती जाऊन जाऊन जाईल कुठे? तो पक्ष्यांच्या जाळीपर्यंत गेला, सापांच्या खोलीत डोकावून आला. हाक तरी काय मारायची? घरात "अगं" म्हटलं की भागायचं. इथे त्याने "अगं!" म्हणून हाक दिली, तर चार बायकांनी वळून पाहिलं. त्यांतली एकही त्याची नव्हती. शेवटी भर गर्दीत, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्याने तिचं नाव घेऊन हाक मारली. नंतर पुन्हा मारली, आणखी मोठ्याने.

ती एका हिरव्या हौदापाशी कठड्यावर कोपरं टेकून उभी होती. वळलीसुद्धा नाही. तो धापा टाकत तिच्यापाशी पोचला.

"कुठे होतीस? मला वाटलं, तू गेलीस!"

शब्द सुटला आणि दोघांनाही तो ऐकू आला.

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "अजून नाही."

शिंप्याने तोंड फिरवलं. खिशात हात घातला, काही न घेताच बाहेर काढला. ती सरकली आणि तिने कठड्यावर त्याला जागा करून दिली.

"इकडे या. आत पाणघोडा आहे. पाच मिनिटं श्वास धरून राहतो म्हणे. मी आले तेव्हाच खाली गेला."

"साडेतीन होत आले."

"होऊ देत. चारला देतो म्हणाली ती. चारलाच न्या असं कुठे म्हणाली?"

त्याने कठड्यावर हात टेकला. तिने त्यावर आपला हात ठेवला. तिचा हात गार होता. पाण्यावर एक वाळकं पान तेवढं तरंगत होतं. बाजूची माणसं कंटाळून पुढे गेली.

पान हललं. आधी दोन कान वर आले, मग नाकपुड्या, आणि मोठ्ठा फुत्कार होऊन दोघांच्याही तोंडावर पाणी उडालं. ती खळखळून हसली. त्याने चष्मा पुसेपर्यंत तो काळा ढीग पुन्हा बुडाला होता आणि हौद पहिल्यासारखा मिटला होता.

"आणखी एकदा येऊ दे वर," ती म्हणाली.

"येऊ दे की," शिंपी म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला.