शेजारची भट्टी

भुकेल्या मुलांसाठी देणग्या मिळवायच्या म्हणून चर्चमधल्या पोरांनी यंदाही दिवसभराचा उपास धरला. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईंना खरी धास्ती होती ती शेजारच्या बेकरीची. गेल्या वर्षी ताज्या पावाचा वास हॉलमध्ये शिरला आणि निम्मी पोरं दुपारीच उठून गेली. बाई तेव्हा बेकरीवाल्याशी कडाकडा भांडल्या होत्या. "तुमच्या उपासासाठी मी काय धंदा बंद ठेवू?" असं तो तोंडावर म्हणाला होता.

यंदा मात्र सकाळपासून वासाचा पत्ताच नव्हता. बाईंनी खिडकीतून विचारलं, तर तो तुटकपणे म्हणाला, "भट्टी बिघडलीय."

"देवानंच ऐकलं गं बाई," त्या पुटपुटल्या.

संध्याकाळी शेवटची प्रार्थना संपली, तेव्हा एकही पोर जागचं हललं नव्हतं. तेवढ्यात बेकरीवाला भली मोठी टोपली घेऊन दारात उभा राहिला. पावांतून वाफा निघत होत्या.

"अहो, भट्टी बिघडली होती ना?"

"ते राहू द्या," तो घाम पुसत म्हणाला. "आधी पोरांना वाढा. आणि उरला तर एक मलाही द्या, बाई. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."