स्टेपनीला आवतण

"घेऊन जा ना बाप्पा! स्टेपनी काय, तुमी मांगान त मोटर देतो," असं म्हणत गुलाबराव मोटारीची डिकी उघडायला निघाले. स्टेपनी मागायला आलेले हिंमतराव मागून चालले होते. त्यांची मोटार काल मोताळ्याजवळ टायर फुटून बसली होती आणि इथं धामणगाव बढ्यापर्यंत बैलांनी ओढून आणावी लागली होती. ऐन पोळ्याच्या तोंडावर बैलांना हा ताप! गावानं दिवसभर दुसरा विषय काढला नव्हता.

गुलाबरावांना मिरवायचंच होतं. एकसष्टच्या दिवाळीत त्यांनी खामगावहून पाच नवे टायर आणले होते. आता त्रेसष्टचा पोळा उद्यावर आला, तरी त्यातला एक पोत्यात गुंडाळून डिकीत कोरा करकरीत ठेवलेला. बदलाबदली नको म्हणून बैलाला देतात तसा तापल्या सळईनं चंद्रकोरीचा डागही दिला होता. "हे अडीनडीसाठी हाय. स्टेपनीले हात लावाचा नाही," असं ड्रायव्हर कडूबाला तेव्हाच बजावलं होतं.

पोतं सुटलं आणि गुलाबरावांचं तोंड उतरलं. टायर झिजलेला होता. खाचांत वाळलेला चिखल होता. डागाचा पत्ता नव्हता.

अंगणात खांदशेकणी चालली होती. धुतलेले बैल ओळीनं उभे होते आणि गुलाबरावांची आई सरस्वतीबाई पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्यांना हळद-तूप लावत होती. अर्धं गाव जमलेलं. एवढ्या लोकांत, तेही हिंमतरावांसमोर, नाक कापलं गेलं.

"कडूबा! माहा नवा टायर कोनाले विकला?"

कडूबा फडक्यानं काच पुसत होता. त्याचा हात थांबला. "मी, मालक?"

"मंग काय मी? चोट्टा कुठचा! आन किल्ली, अन् चालता हो!" गुलाबरावांनी डिकी धाडकन लावली आणि किल्ली हिसकून घेतली.

बारा वर्षांत कडूबाला हा शब्द कुणी लावला नव्हता. त्याची बायको रुखमाबाई तुपाची वाटी धरून सरस्वतीबाईमागं उभी होती, तिनं वाटी खाली ठेवली. नोकरी काय, एक गेली तर दुसरी मिळते. पण चोर म्हणून हाकललेल्या ड्रायव्हरला बुलढाण्यापासून खामगावपर्यंत कोण दारात उभं करणार होतं?

कडूबा मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि चिखल पुसू लागला. चिखलाखालून चंद्रकोर निघाली.

लोक हसले. गुलाबराव आणखीच पेटले. "म्हंजे नवा टायर रस्त्यावर घासला त्वा? नोको म्हनलं होतं ना मी?"

"म्हनलं होतं."

"मंग?"

"दर अमावस्येले चाकं फिरोतो मालक. म्होरचं मांगं, मांगचं डिकीत, डिकीतलं रस्त्यावर. रोज सकाळी खिळ्यानं खाचंतले गोटे काढतो. तुमाले इचारलं असतं, त तुमी हो म्हनले असते?"

"मले शानपना शिकवतो बे?"

"गुलाब," सरस्वतीबाईनं बैलापासूनच हाक दिली. "खळ्यात बैल हाकलले ना त्वा? सांग बरं, जास्त कोनता चालते?"

"आता हे काय मधातच माय? कडंचा चालते."

"अन् मधातल्या मेढीच्या खांबाजवळचा?"

"तो जागच्या जागी फिरते."

"मंग कडंच्याले कडंलेच जुंपून मारतं, का जागा बदलवतं?"

"बदलवतो."

"अन् एकाले आळीपाळीनं सावलीत बांधतं. मंग यानं येगळं काय केलं?"

हिंमतराव खाली बसले आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख पुरतं आत गेलं. मग त्यांनी दुसरं चाक पाहिलं, तिसरं पाहिलं.

"गुलाबराव, आपुन एकाच दुकानातून, एकाच दिवशी टायर घेतले होते. माहे टकलासारखे होऊन फुटले. तुमचे अजून एक पोळा काढतीन." ते हात झटकत उठले. "कडूबा, उद्यापासून माह्याकडं ये. इथून त हाकललंच हाय तुले."

"खबरदार!" गुलाबराव ओरडले. "स्टेपनी मांगाले आले अन् मानूस नेता का?"

आता सगळं अंगण हसलं. रुखमाबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि तीही हसली. सरस्वतीबाई तुपाची वाटी घेऊन मोटारीकडे आली. पळसाचं पान चाकाला टेकणार, तोच कडूबा धावला.

"माय, तूप नोको! तुपानं रबर सडते!"

"बरं बाबा, नाही लावत." तिनं तूप बाजूला ठेवलं आणि कोरडं हळदीकुंकू घेतलं. बैलांना म्हणतात तेच प्रत्येक चाकाला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चार चाकं झाली. "अन् पाचवं?"

कडूबा हाताची घडी घालून उभा राहिला. "स्टेपनीले हात लावाचा नाही, असा मालकाचा हुकूम हाय."

गुलाबरावांनी आईकडं पाहिलं, हिंमतरावांकडं पाहिलं. मग किल्ली कडूबाच्या तळहातावर ठेवली.

"लाव बाप्पा, पाचहीले लाव. चोट्टा म्हनलो, चुकलं माहं."

कडूबानं स्टेपनी खांद्यावर घेतली आणि बैलांच्या ओळीत शेवटी नेऊन उभी केली. तिलाही हळदीकुंकू लागलं, तिलाही आवतण मिळालं.

"आता तरी नेऊ का?" हिंमतरावांनी विचारलं.

"मले काय इचारता? ड्रायव्हरले इचारा."

कडूबानं स्टेपनीवर हात ठेवला. "परवा न्या. उद्या तिले जेवाचं आवतन हाय."