नाक

गॅस गळत होता आणि शिर्केतात्या शेजारीच पेपर वाचत बसले होते. नातीला कडेवर घेऊन सून धावत आली आणि तिने शेगडीचं बटण बंद केलं. "तात्या, वास नाही आला?"

ते पेपर ठेवून कामावर गेले. कारखान्यांच्या टाकाऊ द्रवातून सॉल्व्हंट पुन्हा शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये ते तीस वर्षं ड्रम हुंगून पास करत आले होते.

"मॅडम, कालचे ड्रम थांबवा," ते लॅबच्या प्रमुख बाईंना म्हणाले. "नाक गेलंय माझं. अंदाजानं पास केलेत."

मॅडमनी तपासलं. नऊपैकी दोन अशुद्ध निघाले.

"कधीपासून येत नाही वास?"

"दिवाळीपासून."

मॅडमनी दिवाळीपासून माल पाठवल्याची चलनं काढली आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. "प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा."

तात्यांनी चष्मा पुसला आणि पहिला नंबर लावला.