डोहावरून जाताना

"घोड्याची घंटा सोडा," येफीम म्हणाला.

घसरगाडी हाकणारा प्रोखोर नवऱ्याकडचा. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. घोड्याच्या मानेवरच्या कमानीला पितळी घंटा, लगामाला घुंगरं. नवरीला गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या चर्चमध्ये न्यायचं होतं. घंटेशिवाय निघते ती पळून जाणारी मुलगी.

"डोह ओलांडेपर्यंतच," येफीम म्हणाला. "खाली मासे झोपलेत."

गाडीत बसलेल्या नवरीचे, उस्तिन्याचे, कान तापले. काठावर सगळा गाव उभा होता. तळ्यातल्या या खोल डोहाची हिवाळ्यातली राखण गावाने वीस वर्षं तिच्या बापाकडे दिली होती. तिथे बर्फावर कुऱ्हाड चालवायची नाही, पोरांनी घसरायचं नाही. कुत्र्यांनीसुद्धा येफीमला विचारून भुंकायचं, असं लोक म्हणत. आजच्या दिवस तरी तो विसरेल असं तिला वाटलं होतं.

"माशांची झोपमोड नको," ती म्हणाली. "लेकीचं नाक कापलं गेलं तरी चालेल."

बापाने घंटा सोडून मेंढीच्या कातड्याच्या कोटात घातली, घुंगरांना शाल गुंडाळली आणि लगाम धरून तो पुढे चालू लागला.

गाडीत बसलेली पाठराखीण ग्लाफिरा पुटपुटली, "मयतीलासुद्धा यापेक्षा जास्त आवाज असतो गं."

उस्तिन्या खाली उतरली. भांडायलाच उतरली होती. बापाला गाठेपर्यंत तिचीही पावलं नकळत हलकी पडू लागली.

"उठले तर काय होईल?"

"तळाशी थरावर थर लावून पडलेत. कल्ले हलतात न हलतात. अंगात आहे तेवढं बळ बर्फ फुटेपर्यंत पुरवायचं. दचकून पळाले की ते संपतं." चार पावलं गेली. "मग वसंतात वर येतात, पोटं वर करून."

ती त्याच्या बरोबरीने चालत राहिली. मग पुढे बघतच तो म्हणाला, "तुझी आई गेली त्या हिवाळ्यात तू झोपायचीच नाहीस. झोपलीस की मी घरात अनवाणी चालायचो. लाकूड तडकेल म्हणून चूल विझू द्यायचो. हाच कोट तुझ्या अंगावर."

खुणेसाठी फरच्या झाडाची फांदी रोवली होती तिथे डोह संपला. लेकीच्या लग्नाला बापाने चर्चमध्ये जायची रीत नव्हती. त्याने कोटातून घंटा काढली आणि उस्तिन्याच्या हातात दिली. छातीशी राहून ती कोमट झाली होती.

"आता वाजवा हवी तेवढी."

तिच्या शालीचा पदर नीट केला. मग बाजूला झाला.

ती परत गाडीत बसली आणि गाडी निघाली. घंटा उस्तिन्याच्या मांडीवर होती, आतला लोलक तिने मुठीत धरला होता. बऱ्याच वेळाने प्रोखोरने मागे हात केला.

"द्या इकडे, सूनबाई. डोह केव्हाच मागे पडला."

उस्तिन्याने वळून पाहिलं. फांदीपाशी तो उभा होता. टोपी हातात.

"थोडं थांबा, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा अजून तिथेच आहेत."