बारा नऊ

स्क्रीनवर दशांशचिन्हापुढे सहावा नऊ उमटला, तसे प्रोफेसर खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि बाहेर न बघताच परत आले. जुना संगणक एकेक अंक जिवावर आल्यासारखा काढत होता.

वर्गमुळं, घात आणि ‘पाय’ (π) यांची एक राशी पूर्णांक नाही, हे त्यांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. त्या एका सिद्धतेवर त्यांचं नाव उभं होतं. आणि परवा जेवताना त्यांच्याच मुलीने, जिची उद्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती, सहज सांगितलं, की त्या राशीत दशांशचिन्हापुढे ओळीने बारा नऊ येतात. प्रोफेसर ताटावरून उठले. असे नऊ मोजून ‘तुमचं चुकलं, संख्या पूर्णच आहे’ म्हणणारे हौशी लोक त्यांनी जन्मभर दारातून परत धाडले होते. आता पोटची पोर त्यांच्यात जाऊन बसली होती. तिचा प्रबंध वाचायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हापासून बापलेकीचा सगळा व्यवहार आईमार्फत चालला होता. उद्या परीक्षेला येणार नाही, हा निरोपही आईनेच पोचवला होता.

नववा नऊ. तिला परीक्षकांसमोर तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून आपण हे करतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मन ऐकेना. आपल्याच सिद्धतेत कुठे भोक राहिलं असलं तर? अकराव्या नऊला ते स्क्रीनवर वाकले. बारावाही आला. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि दोन.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच होता. जीव भांड्यात पडला आणि मुलीच्या विचाराने लगेच पुन्हा टांगणीला लागला. ते तिच्या खोलीशी गेले. ती उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

“तेरावा अंक दोन आहे,” ते दारातूनच म्हणाले. “संख्या पूर्ण नाही. प्रबंध मागे घे.”

तिने इस्त्री बाजूला उभी केली.

“पूर्ण नाही, हे तुम्ही केव्हाच सिद्ध केलंय, बाबा. माझं सगळं काम तिथूनच सुरू होतं. पूर्ण नसून ती इतकी जवळ का जाते, ते मी शोधलंय. परवा तेच सांगत होते. तुम्ही बारा नऊ ऐकले आणि उठलात.”

प्रोफेसरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“उद्या,” त्यांनी शेवटी विचारलं, “कितीला निघायचंय आपल्याला?”